बसून की उभं राहून?

तर मंडळी, मी दुचाकीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा चार वर्षांचा असेन. निगडीच्या घरची चेतक. बाबा चालवणार, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसणार, आणि मी पुढे हँडल धरून उभा. खड्डा आला की आईच्या तोंडून "अगं बाई गं!" आणि मला काहीच नाही, गुडघे आपोआप वाकायचे. हे ज्ञान मी पुढे तीसेक वर्षं विसरलो. परवा भामचंद्राच्या डोंगराकडे चिखलात बाईक घातली, सीटला घट्ट चिकटून बसलो आणि आडवा झालो. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. हे सगळं डाव्या हाताने टंकतोय, चुकाबिका समजून घ्या.

तर बसल्याबसल्या इतिहास उकरला. आकुर्डीत तयार झालेली चेतक आली १९७२ मध्ये. चाकं दहा इंची, पायाखाली सपाट पत्रा, गियर डाव्या मुठीत. गुडघ्यांत धरायला टाकीच नाही, मग चालवणारा उभा राहणार कसा? ती सहकुटुंब बसून जायची गाडी होती आणि ते काम तिने झकास केलं.

तिकडे युरोपात उलटं होतं. जुन्या मोटारसायकलींना मागे सस्पेन्शन नसायचंच, फक्त सीटखाली स्प्रिंगा. दगडधोंड्यात उठावंच लागे. १९४८ मध्ये इटलीतल्या सहा दिवसांच्या स्पर्धेत रॉयल एनफिल्डने मागे स्विंगआर्म लावलेल्या बुलेट उतरवल्या आणि त्यांच्या दोन स्वारांनी सुवर्णपदकं आणली. आता वाटेल, उभं राहणं संपलं. छे! सस्पेन्शन सुधारलं तसा वेग वाढला. १९७३ मध्ये हॉकन अँडरसन यामाहाच्या मोनोशॉकवर २५० सीसी मोटोक्रॉसचा विश्वविजेता झाला. मागच्या चाकाला आता जास्त खाली-वर व्हायला जागा मिळाली, उड्या लांबल्या, आणि माणसं आणखी उभी राहू लागली.

इथे एक गैरसमज. उभं राहिल्याने गुरुत्वमध्य खाली जातो, असं ट्रेलवर हमखास ऐकायला मिळतं. जात नाही हो, उलट वर जातो! फायदा वेगळाच आहे. बसलेला माणूस म्हणजे सीटला बांधलेलं पोतं. मागचं चाक उडालं की तोही उडतो. उभ्या माणसाचे गुडघे आणि घोटे धक्का गिळतात, आणि गाडी त्याच्या खाली डावी-उजवी हलू शकते. आपण आपल्या जागी. मी चिखलात नेमकं पोतं झालो होतो. (१६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध लढवलेला किल्ला याच चाकणचा. त्या काळच्या घोडेस्वाराला रिकिबीत उठण्याचं हे तंत्र कोणी यूट्यूबवर शिकवलं नसणार.)

बसायचं कधी? सपाट, घट्ट वळणावर. टाकीपर्यंत पुढे सरकून, आतला पाय पुढे काढून. चढावर मागचं चाक नुसतं फिरायला लागलं तरी सीटवर वजन टाकावं.

पुढची गोष्ट चाकणची. बजाजचा इथला कारखाना १९९९ चा, पल्सर २००१ ची. २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाजने हिस्सा घेतला, २०१२ मध्ये चाकणमध्ये तयार झालेली ड्यूक २०० आली आणि २०२० मध्ये ३९० ॲडव्हेंचर. सीटची उंची ८५५ मिमी, सस्पेन्शनचा प्रवास पुढे १७० आणि मागे १७७ मिमी. ज्या पट्ट्याने देशाला स्कूटरवर बसवलं, तिथूनच ही उभं राहायची गाडी निघाली. आणि निघून अडकते कुठे, तर तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे. तिथे उभं राहून फक्त पुढची रांग दिसते!

असो. प्लास्टर निघायला तीन आठवडे आहेत. काल बाबांनी पाना घेऊन ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली फिरवून दिले. बसायच्या हिशोबाने लावले होते, उभं राहिलं की मनगट वाकडं व्हायचं.