घारापुरीचे दिवसापुरते पाहुणे

अंबाजोगाईची शिवलेणी गावात हत्तीखाना या नावाने जास्त ओळखली जाते, कारण तिच्या प्रांगणात दगडात कोरलेले हत्ती उभे आहेत. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे हे हत्ती कोणी गलबतावर चढवायला आले नाही, आणि पाहुणे आले तेही योगेश्वरीच्या दर्शनाला आलेले, वाट वाकडी करून डोकावणारे. शंकराचे लेणे आणि दगडी हत्ती अशी हीच जोडी मुंबईच्या बंदरातल्या एका बेटावरही होती. त्या बेटाला मात्र चारी बाजूंनी समुद्र होता, आणि गेली पाच शतके समुद्रावरून जो कोणी सत्ताधीश, प्रवासी किंवा सहलकरी आला, तो तिथे काही तास उतरून गेला. कॅरिबियनमधल्या चिमुकल्या बेटांवर क्रूझची प्रचंड जहाजे सकाळी हजारो माणसे उतरवतात आणि संध्याकाळी परत नेतात. त्यातून त्या बेटांचे काय होते याची चर्चा आता जगभर चालते. आपल्याकडे हा प्रश्न नवा वाटतो. पण घारापुरीचा इतिहास उलगडू लागलो की आपल्याला दिसते ते असे की, दिवसापुरता पाहुणा ही इथली फार जुनी गोष्ट आहे.

आधी हे बेट कोणाच्या वाटेवर नव्हते, तर स्वतःच मुक्कामाचे ठिकाण होते. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मोरबंदरच्या बाजूला रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले, म्हणजे भूमध्य समुद्राकडचा माल इथल्या किनाऱ्याला लागत होता. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मुख्य लेणे कोरले गेले. ते कोणी कोरवले याचा शिलालेख आज हाती नाही, पण बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मिळाल्यामुळे अनेक अभ्यासक त्याचे श्रेय कलचुरींना देतात. ऐहोळेच्या 634 सालच्या प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्रावरची पुरी नावाची नगरी आरमारासह जिंकल्याचे सांगितले आहे. ती पुरी म्हणजे घारापुरीच, असे काहींचे मत आहे, तर काही जण तिला राजापुरीच्या खाडीकडे नेतात. वाद सुटलेला नाही. पण एवढे नक्की की, त्या काळी इथे येणारा माणूस उपासनेला, व्यापाराला किंवा लढाईला येत असे. नुसते पाहायला कोणी येत नव्हते.

नुसते पाहायला येणाऱ्यांचा काळ पोर्तुगीजांपासून सुरू होतो. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहात वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हे बेटही गेले. राजबंदरच्या धक्क्याजवळ उभा असलेला प्रचंड दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव ठेवले. पुढे गोव्याचा कारभारी झालेला जुआंव द काश्त्रू 1538 मध्ये इथे येऊन लेण्याचे वर्णन लिहून गेला. गोव्यात राहून औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ऑर्ताने 1563 च्या त्या ग्रंथातही लेण्याचा उल्लेख केला. मुंबई बेट त्या सुमारास त्याच्याकडेच भाडेपट्ट्याने होते, म्हणजे हा आपला शेजारीच. दियोगु द कोउतू हा इतिहासकार सांगतो की, लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून लिस्बनला तिसऱ्या जुआंव राजाकडे पाठवला, पण तो वाचणारा कोणी सापडला नाही, आणि पुढे तो दगडच हरवला. लेणे कोणी कोरले या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या दगडावर होते. पाहुण्याने बेटावरून उचलून नेलेली ही पहिली मोठी वस्तू. सैनिकांनी मूर्तींची केलेली मोडतोड तर आजही भिंतींवर दिसते.

मग मालक बदलत गेले. अठराव्या शतकात चिमाजी अप्पांच्या स्वारीनंतर साष्टी-वसईवर मराठ्यांचा अंमल आला, आणि इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट घेतले त्यावर 1782 च्या सालबाईच्या तहाने शिक्कामोर्तब झाले. त्याआधीच, 1764 मध्ये, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतला कार्स्टन नीबूर इथे येऊन गेला होता. मोहिमेतले त्याचे सगळे सोबती वाटेत एकेक करून मरण पावले, हा एकटा परत गेला, आणि त्याने काढलेले लेण्याचे नकाशे आणि चित्रे युरोपभर पोहोचली. माझ्या मते पुढच्या सगळ्या गर्दीचा मूळपुरुष हाच सज्जन मोजणीदार. चित्र आधी जाते आणि माणसे त्याच्या मागून येतात, हा पर्यटनाचा क्रम तेव्हापासून बदललेला नाही. राजबंदरच्या हत्तीची कथा मात्र उलट दिशेची आहे. त्याचे डोके 1814 च्या सुमारास गळून पडले. उरलेला देह विलायतेला न्यावा म्हणून 1864 मध्ये उचलायला गेले, तर क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आले, 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले, आणि ज्याच्यावरून बेटाला नाव पडले तो हत्ती आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपण वेगळ्या वळणावर येतो. पाहुण्यांसाठी बेटाची रचनाच बदलू लागली. सुमारे 1853 मध्ये करमसी रणमल या लोहाणा व्यापाऱ्याने लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या बांधून दिल्या. आज ज्या पायऱ्यांवर दुकाने लागतात, त्या मार्गाचा हा उगम. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून येणारी महिन्यांची वाट तीन-चार आठवड्यांवर आली. 1872 मध्ये थॉमस कुक आपली पहिली मंडळी घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला, आणि त्या वाटेवर मुंबईही होती. नोव्हेंबर 1875 मध्ये युवराज एडवर्ड मुंबईला आला, तेव्हा लेण्याच्या सभामंडपात दिव्यांची रोषणाई करून त्याला मेजवानी देण्यात आली. जिथे शंकराची पूजा होत असे तिथे टेबले मांडून काटेचमचे वाजले. सरकारी पातळीवर बेट आता देखाव्याची जागा ठरली होती. जेम्स बर्जेसचे लेण्यांवरचे पुस्तक 1871 मध्येच आले होते, आणि प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकांत घारापुरी हे मुंबईच्या मुक्कामातले अर्ध्या दिवसाचे काम म्हणून स्थिरावले.

इथे थोडे युरोपकडे पाहू. माणसे पोहोचवण्याऐवजी फिरवून परत आणणारी बोट ही कल्पना हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या अल्बर्ट बालिनच्या नावावर जमा आहे. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसे, म्हणून जानेवारी 1891 मध्ये त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्रात सहलीला पाठवले. रिकामे जहाज उभे ठेवणे परवडत नाही, या हिशेबातून क्रूझचा जन्म झाला. त्याच कंपनीचे ‘क्लीव्हलँड’ हे जहाज 1909 मध्ये न्यूयॉर्कहून शेकडो सहलकरी घेऊन निघाले आणि वाटेत मुंबईला लागले. डाकबोटीने येणारा साहेब मुंबईत आठवडाभर राहत असे, या नव्या पाहुण्याचे तास मात्र जहाजाच्या भोंग्याला बांधलेले. तासांच्या हिशेबात बसणारी जागा म्हणजे घारापुरी, कारण पालवा बंदरावरून लाँचने तासाभराचा प्रवास, वर चढायला पायऱ्या, आणि जेवणाच्या वेळेला परत. त्याच बंदरावर 1924 मध्ये गेटवे ऑफ इंडिया उघडला आणि या सहलीला दगडी कमानही मिळाली. स्वातंत्र्यानंतर बोटीचे उतारू विमानाकडे गेले, तरी लाँच थांबली नाही. साहेबाच्या जागी आपण आलो. मुंबई पाहायला गेलेल्या मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलींना राणीच्या बागेबरोबर घारापुरीही दाखवली जाऊ लागली.

बेटावर मात्र माणसे राहतात, हे या सगळ्या वर्णनांत शोधावे लागते. राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर अशी तीन गावे, साधारण बाराशे वस्ती, उरण तालुक्यातली ग्रामपंचायत. पूर्वी भात, मासेमारी, ताडी यांवर इथले चाले. समोरच्या न्हावा-शेव्याला 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, मोठ्या जहाजांसाठी पाण्याचा तळ खणला जाऊ लागला, आणि जाळ्यात मासळी कमी येऊ लागली. त्याच्या दोन वर्षे आधी, 1987 मध्ये, लेण्याला जागतिक वारशाचा मान मिळाला होता. एका हाताने समुद्र गेला आणि दुसऱ्या हाताने पायऱ्या आल्या. आज घराघरातला कोणी ना कोणी त्या वाटेवर टोप्या, दगडी मूर्ती, काकडी, कैरी, ताक विकतो किंवा लहानसे हॉटेल चालवतो. पाहुणा धक्क्यावर उतरतो, छोट्या गाडीत बसतो, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढतो, लेणे पाहतो, फोटो काढतो आणि परतीची लाँच धरतो. मोरबंदरला तो सहसा जात नाही. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र मागे राहतात, त्या माकडे उघडतात आणि ग्रामपंचायत उचलते. पाहुण्याला रात्री राहायची परवानगी नाही, सोमवारी लेणे बंद, म्हणजे सोमवारी पायऱ्यांवर धंदाही नाही.

संध्याकाळनंतरचे बेट कोणी पाहत नसल्यामुळे त्याची गरजही कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना इथे जनरेटरवर संध्याकाळचे जेमतेम तीन तास वीज मिळे. समुद्रतळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून पूर्ण वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. वारशाचा मान मिळाल्यानंतर एकतीस वर्षांनी! 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. वर्षानुवर्षे माणसांनी भरलेल्या लाँच त्याच पाण्यातून जात होत्या, तेव्हा ती कोणाला सुचली नव्हती.

आता जहाजे पुन्हा येत आहेत. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागले. लक्षद्वीपला सरकारी बोटीने दिवसा बेट दाखवून रात्री बोटीवर परत आणणारी सहल तर कितीतरी आधीपासून चालते. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने क्रूझ भारत मिशन जाहीर केले आणि पुढच्याच सप्टेंबरात मुंबईच्या इंदिरा गोदीजवळ नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे सामावतील, अशी त्याची योजना आहे. जहाजातून उतरणाऱ्याच्या हाती तेच मोजके तास असणार, आणि सहल आखणाऱ्याच्या यादीत तीच बाराशे माणसांची जागा असणार.

इतर ठिकाणी लोकांनी आपापले मोजमाप ठरवले आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर या गावाने 2022 मध्ये मतदान घेऊन क्रूझमधून दिवसाला एक हजारच माणसे उतरावीत अशी मर्यादा घातली. व्हेनिसने 2021 मध्ये मोठ्या जहाजांना शहरातून जाण्यास बंदी केली, आणि एप्रिल 2024 पासून दिवसापुरत्या पाहुण्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. घारापुरीची ग्रामपंचायत धक्क्यावर दरडोई काही रुपयांचा कर त्याच्याही आधीपासून घेते आहे. लेण्याचे तिकीट पुरातत्त्व खात्याकडे जाते, लाँचचे भाडे मुंबईच्या बाजूला राहते, सहलीचे पैसे जहाजाच्या कंपनीकडे जमा होतात, आणि बेटाच्या हक्काचे म्हणावे असे हे एवढेच नाणे उरते. लिस्बनला गेलेला शिलालेख परत येणार नाही. पण जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे हा कर किती असावा आणि दिवसाला किती माणसे यावीत, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या ग्रामसभेचा आहे. क्रूझच्या योजना आखणाऱ्यांनी पुढचे वेळापत्रक छापण्याआधी तिला विचारले पाहिजे.