वीरगळ ते युद्धस्मारक : एका नावाचा प्रवास

गोवा, बेळगाव आणि दक्षिण महाराष्ट्र या पट्ट्यात जुन्या देवळांच्या आवारात वा गावाच्या वेशीवर वीरगळ आढळतात. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाशी युद्धप्रसंग, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, त्याहून वर शिवलिंगाचे पूजन आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहील, हा त्याचा अर्थ. कर्नाटकाकडील अनेक वीरगळांवर लेख आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य मात्र लेखविरहित. तेथे पराक्रम उरला, नाव गेले.

नाव न उरण्याचा दुसरा प्रकार अधिक बोचणारा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याने नेमलेल्या युद्धसमाधी आयोगाने हुद्द्याचा भेद न करता प्रत्येक मृत सैनिकाचे नावानिशी स्मरण करण्याचे तत्त्व स्वीकारले होते. परंतु १९२९ साली अनावरण झालेल्या बसरा येथील स्मारकावर हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांचीच नावे आली; शिपायांची, पलटणीच्या नावाखाली, केवळ संख्या नोंदली गेली. याच मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात १०३ वी आणि ११० वी मराठा या पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथे शरणागती झाली आणि पुढे बंदिवासात अनेकांचा अंत झाला. स्मारकांतील या भेदभावामागे तत्कालीन साम्राज्यवादी वृत्तीतील वंशद्वेष होता, हे आयोगानेच नेमलेल्या समितीने २०२१ साली मान्य केले.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या रचनेचे मर्म कळते. चेन्नईचे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांच्या आराखड्यानुसार उभारलेले हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झाले. ते बाहेरून आत वाचावयाचे आहे. सर्वांत बाहेर रक्षक चक्र, म्हणजे वृक्षांचे वलय. आत त्याग चक्र. त्याच्या आत वीरता चक्र. आणि केंद्रस्थानी अमर चक्र, जेथे साडेपंधरा मीटर उंचीच्या स्तंभापाशी ज्योत तेवते. शेजारचे इंडिया गेट ४२ मीटर उंच आहे. नव्या स्मारकाने त्याच्याशी उंचीची स्पर्धा केलेली नाही. ते जमिनीलगत राहते.

वीरता चक्रात रेझांग ला, लोंगेवाला यांसारख्या सहा संग्रामांची कांस्यशिल्पे आहेत. ती धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांची. वीरगळातील युद्धपटाचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

परंतु स्मारकाचा गाभा त्याग चक्र हा आहे. चक्रव्यूहाच्या कल्पनेवर रचलेल्या त्याच्या सोळा भिंती सारख्या आकाराच्या ग्रॅनाइटच्या पट्टिकांनी बांधल्या आहेत आणि प्रत्येक पट्टिकेवर एकाच सैनिकाचे नाव आहे. लोकार्पणाच्या वेळी ही नावे २५,९४२ होती. हुद्दा नावासोबत कोरलेला आहे, पण हुद्द्याने दगड मोठा होत नाही. वीरगळात वीराला स्वर्ग मिळतो. येथे कोणत्याही धर्माच्या परलोकाचे आश्वासन नाही. प्रजासत्ताक आपल्या सैनिकाला देऊ शकते ते एवढेच : त्याचा स्वतंत्र दगड. समता हे मूल्य येथे घोषवाक्यात नसून बांधकामाच्या मापात आहे.

तथापि या वलयांत स्वातंत्र्योत्तर काळातील सैनिकच आहेत. १९३१ साली पूर्ण झालेले इंडिया गेट पहिल्या महायुद्धातील सुमारे सत्तर हजार हिंदी सैनिकांचे स्मारक असले, तरी त्यावर कोरलेली नावे तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. त्या कमानीखाली २६ जानेवारी १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योती २१ जानेवारी २०२२ रोजी नव्या स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली, तेव्हा काही निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी खेद व्यक्त केला, तर काहींनी स्वागत केले. दोन्ही बाजूंना आपापला आधार आहे. मात्र साम्राज्यासाठी लढावयास गेलेला शिपाईही याच मातीतला होता, हे विसरता येत नाही.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. या परिसरातील आणि कोकणातील कित्येक घरांत त्या युद्धातील पदके अद्याप असतील. त्या काळच्या रौप्यपदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. ज्या घरी असे पदक असेल, तेथे कड वाचून नाव वहीत उतरून ठेवावे. बसऱ्याच्या भिंतीवर जो केवळ आकड्यात उरला, त्याचे नाव कदाचित तेवढ्याच ठिकाणी असेल.