हँबर्गची एक रात्र

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आमच्या डोळ्यांपुढें ताम्रपट, बखरी, दप्तरांतील रुमाल आणि परदेशी प्रवाशांचीं वृत्तें उभीं राहतात. ध्वनिमुद्रिका हेंही इतिहासाचें साधन होऊं शकतें, ही गोष्ट अद्याप आमच्यापैकीं पुष्कळांच्या गळीं उतरलेली नाहीं. गाण्याची तबकडी ही करमणुकीची वस्तु. तिला दप्तराची प्रतिष्ठा कशाला, असें माझ्या एका सहाध्यापकांनीं मला नुकतेंच ऐकविलें. त्यांचें म्हणणें मला मान्य नाहीं. तें कां मान्य नाहीं, हें एकाच तबकडीच्या आधारें सांगावें असें मनांत आहे.

ही तबकडी जेरी ली लुईस या अमेरिकन रॉक-अँड-रोल गायकाची. ५ एप्रिल १९६४ रोजीं जर्मनींतील हँबर्ग शहरीं 'स्टार क्लब' नांवाच्या नाचगाण्याच्या दालनांत त्याचा जलसा झाला. त्याचें तेथल्या तेथें मुद्रण करून फिलिप्स कंपनीनें ती त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. दोन्ही बाजू मिळून ती चाळीस मिनिटेंही वाजत नाहीं. आपल्याकडील एखाद्या सावकाश गाणाऱ्या बुवांचा बडा ख्याल तेवढ्या वेळांत जेमतेम रंगांत येतो.

लुईसचा जन्म १९३५ सालीं लुइझियाना संस्थानांतील फेरिडे या लहानशा गांवीं एका गरीब शेतकरी कुटुंबांत झाला. मुलाचा हात पियानोवर चालतो असें दिसतांच आईबापांनीं शेतवाडी गहाण टाकून त्याला पियानो घेऊन दिला. घरचा धर्म पेंटेकॉस्टल पंथाचा. या पंथाच्या प्रार्थनेंत टाळ्या, नाच, अंगांत येणें हें सर्व असतें. मात्र तोच ताल देवळाबाहेर नाचघरांत वाजला कीं तो सैतानाचा ठरतो. हें द्वंद्व लुईसच्या मनांत जन्मभर राहिलें. त्याचा मावसभाऊ-चुलतभावांच्या गोतावळ्यांतला जिमी स्वॅगार्ट पुढें नामांकित धर्मोपदेशक झाला, आणि हा त्याच बोटांनीं नाचघरें हालवूं लागला.

मेंफिस येथील सॅम फिलिप्स यांच्या 'सन' कंपनीनें १९५७ सालीं त्याचीं दोन गाणीं काढलीं व एका वर्षांत तो सबंध अमेरिकेस माहीत झाला. एल्विस प्रेस्लेला मार्च १९५८ मध्यें सैन्यांत जावें लागलें, तेव्हां ती रिकामी गादी आतां लुईसचीच, असें पुष्कळांना वाटत होतें. मे महिन्यांत तो इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. विमानतळावर एका बातमीदारानें त्याच्याबरोबरच्या लहानग्या मुलीस 'तूं कोण' म्हणून विचारलें, आणि तिनें 'मी यांची पत्नी' असें उत्तर दिलें. लुईसनें तिचें वय पंधरा सांगितलें. वास्तविक ती तेरा वर्षांची होती, त्याच्या नात्यांतील भावाची मुलगी होती, आणि डिसेंबर १९५७ मध्यें हें लग्न लागलें तेव्हां त्याच्या आधींच्या विवाहाचा घटस्फोट पुरता झालेला नव्हता. वृत्तपत्रांनीं एकच गदारोळ केला. सदतीस प्रयोगांचा ठरलेला दौरा तीन प्रयोगांनंतर गुंडाळावा लागला. अमेरिकेंत परततांच आकाशवाणीनें त्याच्या तबकड्या वाजविणें थांबविलें. रात्रीस दहा हजार डॉलर घेणारा हा गायक अडीचशेंवर आला, असें त्या काळाविषयीं नेहमीं सांगतात.

'शारदा' नाटक पाहून डोळे पुसलेल्या घराण्यांत वाढलेल्या वाचकांस या प्रकरणाची वेगळी टीका करून दाखविण्याची गरज नाहीं. त्या वृत्तपत्रांत भडकपणा पुष्कळ होता, ढोंगही थोडें नव्हतें. पण मूळ तक्रार खरी होती. लुईसच्या चाहत्यांनीं लिहिलेल्या चरित्रांत 'दक्षिणेकडील चालच तशी' असा जो बचाव आढळतो, तो मला लटका वाटतो.

आतां हँबर्गकडे वळूं. ज्या रस्त्यावर हा क्लब होता, त्याचें नांव 'ग्रोसे फ्रायहाइट' म्हणजे 'मोठें स्वातंत्र्य'. आज तेथील रंगेल वस्तीमुळें या नांवाला हंसूं येतें. परंतु तें सतराव्या शतकांतलें असून त्याचा अर्थ धर्मस्वातंत्र्य व धंद्याचें स्वातंत्र्य असा होता. लुथरपंथी हँबर्गच्या वेशीबाहेर, आल्टोना येथें, कॅथलिकांना उघड उपासना करण्याची मोकळीक होती, आणि त्यांचें सेंट जोसेफ देऊळ त्याच रस्त्यावर अजून उभें आहे. रस्त्यावरचें एक जुनें सिनेमागृह घेऊन मॅनफ्रेड व्हाइसलेडर यानें १३ एप्रिल १९६२ रोजीं स्टार क्लब उघडला. खेडवळ संगीताचे दिवस संपले, अशी घोषणा त्यानें भिंतीपत्रकांवर केली होती. बीटल्स मंडळी जगप्रसिद्ध होण्यापूर्वीं त्याच वर्षीं येथें तीनदां येऊन गाऊन गेली. त्यांच्या तेथील गाण्याचेंही मुद्रण झालें होतें, पण तें घरगुती यंत्रावर. १९७७ सालीं तें बाहेर आलें तेव्हां कानांस फार कष्ट देणारें ठरलें.

लुईसच्या मुद्रणाचें काम सीगफ्रीड लोख या अवघ्या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे होतें. चुंबकीय फितीवर ध्वनि टिपणारें व्यवहारोपयोगी यंत्र प्रथम जर्मनांनींच सिद्ध करून १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलें होतें. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनीं तें आपल्या देशीं नेलें आणि त्यावर आपला तबकड्यांचा धंदा उभारला. म्हणजे अमेरिकेचा टाकलेला गायक जर्मन विद्येच्या साहाय्यानें जर्मनींत टिपला गेला. श्रोत्यांचा विचार केला तर तो आणखीच चटका लावतो. त्या रात्रीं जो तरुण वीस-एकवीस वर्षांचा असेल, तो १९४३ च्या आसपास जन्मलेला. आणि १९४३ च्या जुलैंत दोस्तांच्या विमानांनीं हँबर्गची राखरांगोळी केली होती. त्याच दोस्त राष्ट्रांपैकीं एका देशाचा गायक, दुसऱ्या देशाचे साथीदार, आणि पुढें हीं मुलें. साथीदारांचें नांव 'नॅशव्हिल टीन्स'. नांव अमेरिकेंतील शहराचें, मंडळी मात्र अस्सल इंग्लिश.

प्रत्यक्ष गाणें कसें आहे? प्रथम ऐकणाऱ्यास तो केवळ गोंगाट वाटण्याचा संभव आहे. मलाही तसाच वाटला होता. आमच्या कानांना सुरांत मुरण्याची संवय, आणि येथें सुराला कोणी विचारीत नाहीं. दोनतीनदां ऐकल्यावर लक्षांत येतें कीं येथें एक शर्यत चालली आहे. लुईस लय वाढवितो, साथीदार धांवत त्याला गांठतात, गांठलें न गांठलें तोंच तो पुन्हां पुढें निघतो. पियानो हें एरव्हीं दिवाणखान्यांतलें सभ्य वाद्य. येथें त्याचा उपयोग ताशासारखा केलेला आहे. मधेंच श्रोते तालावर त्याच्या नांवाचा घोष करूं लागतात. आमच्या नाटकगृहांतील 'वन्समोअर' ज्यांनीं ऐकला आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं वन्समोअरनें गाणें मागें फिरतें, येथें तें अधिकच पुढें पळतें.

मुद्रणशाळेंतील गाण्याशीं ताडून पाहिलें म्हणजे या तबकडीचें महत्त्व कळतें. तेथें चूक झाली तर पुन्हां गातां येतें, उत्तम तेवढें ठेवितां येतें. १९५७ चीं गाणीं अशींच नीटनेटकीं, दोन-तीन मिनिटांचीं आहेत. तींच गाणीं सात वर्षांनीं या माणसाच्या तोंडीं कशीं झालीं, हें चरित्रकारांच्या शंभर पानांतून कळलें नसतें. त्यांत राग आहे, मगरूरी आहे, आणि आपला हक्क हिरावला गेला अशी तक्रारही आहे. ती तक्रार न्याय्य होती असें मी म्हणत नाहीं. ती होती, आणि ऐकूं येते, एवढेंच म्हणतों. पश्चात्तापाचा मात्र एक सूरही मला त्यांत सांपडला नाहीं. वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून लुईस खचला असें अनुमान करणाऱ्या लेखकांनीं ही तबकडी ऐकलेली नसावी.

या सगळ्या आगींत एकच संथ गाणें आहे, तें हँक विल्यम्सचें. विल्यम्स १९५३ च्या पहिल्या दिवशीं, तिशीही न गांठतां, वारला. अमेरिकेच्या ग्रामीण संगीताचा तो अनभिषिक्त राजा. लुईस येथें एकाएकीं सौम्य होतो, शब्द लांबवितो. चार वर्षांनीं, १९६८ सालीं, तो याच ग्रामीण धर्तीच्या गाण्यांनीं पुन्हां लोकप्रिय झाला, तेव्हां पुष्कळांना आश्चर्य वाटलें. हें गाणें लक्ष देऊन ऐकणाराला तें वाटायला नको होतें.

कायदेशीर अडचणींमुळें ही तबकडी त्या वेळीं अमेरिकेंत निघालीच नाहीं. तिकडे त्याच वर्षीं अलाबामांतील बर्मिंगहॅम येथल्या जलशाची दुसरी एक तबकडी निघाली. ती चांगली आहे, पण हँबर्गची सर तिला नाहीं. स्टार क्लब १९६९ च्या अखेरच्या दिवशीं बंद झाला व पुढें ती इमारतही आगींत गेली. लुईस स्वतः २८ ऑक्टोबर २०२२ रोजीं सत्त्याऐंशीव्या वर्षीं वारला.

माझी कन्या कायद्याची पदवीधर आहे. तिला ही तबकडी मीं मोठ्या हौसेनें ऐकविली आणि वर लिहिलेली हकीकतही सांगितली. तिनें सारें शांतपणें ऐकलें व विचारलें, "बाबा, त्या मुलीचें पुढें काय झालें? तें तुम्ही सांगितलेंच नाहींत." तिचा प्रश्न रास्त होता, मीं इतका वेळ तिच्याविषयीं केवळ तिच्या वयापुरतेंच बोललों होतों. तेरा वर्षांच्या संसारानंतर ती त्याच्यापासून विभक्त झाली. मधल्या काळांत त्यांचा लहान मुलगा पोहण्याच्या हौदांत बुडून गेला होता. १९८२ सालीं तिनें एका लेखकाच्या साहाय्यानें आपल्या बाजूची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. कन्येनें त्या पुस्तकाचें नांव टिपून घेतलें आणि तबकडी उलटून दुसरी बाजू लावली.