कुलाबा : बेटाचे द्वीपकल्प कसे झाले?

उर्दूत द्वीपकल्पास 'जज़ीरानुमा' म्हणतात. जज़ीरा म्हणजे बेट, नुमा म्हणजे त्यासारखे दिसणारे. मराठी 'द्वीपकल्प' या शब्दाची घडणही तीच आहे. 'कल्प' हा प्रत्यय 'जवळजवळ तसे' हा अर्थ दाखवितो. मुंबईच्या दक्षिण टोकाचा कुलाबा हे या संज्ञेचे उद्बोधक उदाहरण होय. कारण येथील द्वीपकल्प निसर्गाने दिलेले नसून माणसाने घडविलेले आहे. उटनूर-आदिलाबादसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागात भूगोल शिकविताना हा मुद्दा विशेष उपयोगी पडतो.

भूगोल व नामविचार

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही दक्षिणेकडील दोन बेटे होत. कुलाबा हे नाव कोळी समाजाशी जोडले जाते. धाकट्या कुलाब्याला इंग्रज 'ओल्ड वुमन्स आयलंड' म्हणत. हे नाव 'अल्-ओमानी' या अरबी शब्दाचा अपभ्रंश असावे, असेही एक मत आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून पडले होते. 1981 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मुंबईतील कुलाब्याशी त्याची गल्लत करू नये.

लष्कर, कापूस आणि रेल्वे

1661 च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली व 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. 1796 मध्ये कुलाबा लष्करी छावणी म्हणून घोषित झाला. तोपर्यंत ओहोटीच्या वेळी पायी आणि भरतीत नावेनेच तेथे जाता येत असे. 1838 मध्ये कुलाबा कॉजवे पूर्ण झाला आणि बेट भूमीला जोडले गेले.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. 1844 मध्ये कापसाचा बाजार कोटातून कुलाब्यास हलला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) भारतीय कापसाला अपूर्व भाव आला. त्या पैशावर बॅकबे बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअर्सचा सट्टा उसळला आणि 1865 मध्ये सारा डोलारा कोसळला. हिंगणघाट-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील पीक आणि कुलाब्याची जमीन यांचे नाते असे जवळचे आहे. 1875 मध्ये ससून डॉक सुरू झाला. आज तो मासळीच्या व्यापारासाठी ओळखला जातो. कापसाचा बाजार पुढे शिवडीकडे गेला आणि 1930 अखेर कुलाबा रेल्वेस्थानकही बंद झाले.

विज्ञानाचे केंद्र

कंपनीने 1826 मध्ये उभारलेल्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे निश्चित होताच सूक्ष्म उपकरणांना बाधा येऊ नये म्हणून 1904 मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे ही दीर्घ मालिका तुटली नाही. हवामानाच्या नोंदी मात्र कुलाब्यातच चालू राहिल्या. मुंबईच्या पावसाच्या बातमीत आजही 'कुलाबा' व 'सांताक्रूझ' ही दोन नावे येतात. पुढे 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वास्तूही येथेच उभी राहिली.

भराव आणि हक्क

1920 च्या दशकात सरकारनेच बॅकबेची योजना पुन्हा हाती घेतली. खर्च वाढत गेला आणि काम रेंगाळले. खुर्शीद नरिमन यांनी या गैरकारभारावर निर्भीडपणे टीका केली. त्यांच्यावर झालेला बदनामीचा खटला टिकला नाही. पुढे भराव घालून मिळविलेल्या जमिनीलाच 'नरिमन पॉइंट' हे त्यांचे नाव मिळाले, हा इतिहासाचा विरोधाभास होय.

या साऱ्या घडामोडींत मूळ रहिवासी कोळी कोठे आहेत, हा प्रश्न उरतोच. व्यापाऱ्याला भराव म्हणजे नवी जमीन. मच्छीमाराला मात्र त्यामुळे होडी लावण्याचा किनारा आणि जाळे वाळविण्याची जागा गमवावी लागते. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने अशा भरावांवर बंधने आणली. परंतु तोपर्यंत किनाऱ्याचा नकाशा पुरता बदलला होता.

समारोप

द्वीपकल्पाची व्याख्या 'तीन बाजूंनी पाणी' एवढ्यावर संपत नाही. चौथी बाजू कोणी जोडली, कोणाच्या पैशाने, आणि त्यात कोणाचा किनारा गेला, हे प्रश्न विचारले तरच भूगोलाचा धडा इतिहासाशी जोडला जाईल. नकाशावरील रेषांमागे माणसांचे निर्णय असतात, हे विद्यार्थ्यांना उमगावे, यातच या अभ्यासाचे सार्थक आहे.