अँटेनाच्या पाइपला ताण कसा द्यावा? वळवाच्या आधी हे वाचा

करकंब : चैत्र-वैशाखात वळवाचं वारं सुटलं की आधी पत्रे उडतात, मग घरावरचे पाइप वाकतात. सोलापूर आकाशवाणी १०३.४ वर नीट लागावी म्हणून लावलेला अँटेना असो, टीव्हीचा जुना अँटेना असो की वायरलेस इंटरनेटची डिश, पाइप उभा राहतो तो ताणावर. दोन वर्षांपूर्वी माझाच पाइप मे महिन्यात आडवा झाला. तार बाइंडिंगची होती आणि बांधली होती कठड्याच्या विटेला. वीट तारेसकट निघून आली. शेजारी विजेची तार नव्हती म्हणून निभावलं.

ताण का लागतो?
द्राक्षबागेच्या कडेच्या अँगलला बाहेरून ताण दिला नाही, तर माल भरल्यावर मांडव आत ओढला जातो. इथंही तेच आहे, फक्त वारं चारी दिशांनी येतं. म्हणून ताण कमीत कमी तीन लागतात, सारख्या अंतरावर. दोन ताण दिले तर पाइप मधल्या बाजूला झुकतो.

माप कसं घ्यायचं?
वीस फुटी पाइप असेल तर ताण १६ फुटांवर बांधा आणि खुंट बुडापासून १२ फुटांवर घ्या. प्रत्येक तार बरोबर २० फूट भरते. वर-खाली वळवायला चार फूट जादा धरून तीन तारांना ७२ फूट आणा.
खुंटांच्या जागा काढायला १२ फुटी दोरी घ्या. बुडाभोवती गोल आखा आणि त्याच दोरीने गोलावर सहा खुणा करा. एक सोडून एक खूण धरली की तीन जागा मिळाल्या. जागा कमी असेल तर खुंट जवळ चालतो, पण आठ फुटांच्या आत नको. जवळ घेतला की तारेवर जोर वाढतो.

खुंट
काळी माती पावसात मऊ पडते, नुसती मेख निघून येते. दोन फूट खोल खड्डा घ्या, अँगल पाइपच्या उलट बाजूला कलता ठेवा आणि काँक्रीट भरा. आठवडाभर पाणी मारा, मगच ताण ओढा. स्लॅबवर असेल तर आरसीसी कॉलम किंवा बीममध्ये अँकर बोल्ट मारा. कठडा आणि पत्रा नकोच. नवीन घर बांधत असाल तर स्लॅब टाकतानाच हूक सोडून ठेवा.

तार आणि क्लॅम्प
पीळ दिलेली जीआय तार वापरा. सुतळी कुजते, नायलॉन उन्हात कमजोर होतं आणि ओढलं की लांबतं. तारेच्या वळणात लोखंडी थिंबल घाला. प्रत्येक टोकाला तीन यू क्लॅम्प लावा. क्लॅम्पचं खाचेचं बूड लांब तारेवर आणि यू बोल्ट आखूड टोकावर आला पाहिजे. उलटा बसवला तर वजन घेणारी तारच चेपते. खालच्या बाजूला टर्नबकल घाला, म्हणजे पुढं कधीही ताण कमी-जास्त करता येतो. तो आपोआप फिरू नये म्हणून त्यातून बारीक तार ओवून ठेवा.
ओळंबा धरून तिन्ही ताण थोडे थोडे ओढा. एकच गच्च ओढला तर पाइपला बाक येतो. तार सैल लोंबू नये, पण सतारीसारखी वाजूही नये.

जिवाशी खेळ नको
पाइप उभा करण्याआधी वर बघा. पाइप कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, एवढं अंतर पाहिजे. वारं सुटलं असेल तर काम थांबवा. तीन-चार माणसं असल्याशिवाय पाइप उचलू नका. पाइप तारेवर पडलाच तर कोणी हात लावू नका, लांब थांबा आणि १९१२ ला फोन करा.
महावितरणच्या खांबाच्या ताणात मध्येच चिनी मातीचा इन्सुलेटर असतो. वरून उतरलेला करंट खाली हाताशी येऊ नये म्हणून तो असतो. तसल्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला आपली तार कधीच बांधू नका.
पाइपला वेगळं अर्थिंग द्या. ताण म्हणजे वीजरोधक नव्हे. ढग गडगडायला लागले की केबल काढून ठेवा.
ताणाला जनावर बांधू नका, धुणं वाळत घालू नका. अंधारात गाडी अडकू नये म्हणून डोक्याच्या उंचीला पांढरं फडकं बांधा.

वर्षातून दोनदा, वळवाच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर, नट आवळा आणि गंज बघा. तारेची एक जरी पिळी तुटलेली दिसली तर ती तार बदला.