शंभर रुपयांची कपात

जपून पाय टाका. उंबऱ्यासमोरचं कोलम नुकतंच काढून झालंय, सडा अजून ओला आहे आणि तुम्ही १९७२ सालच्या कुंभकोणममध्ये सारंगपाणीच्या गोपुराकडे तोंड करून उभे आहात. नीट उजाडलेलंही नाही, तरी सदरा पाठीला चिकटलाय. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार. दोन नद्यांच्या मधल्या गावात हवा कोरडी राहायची कशी? वासांचीही नुसती रेटारेटी चालली आहे. आधी मोगऱ्याचे गजरे, मग देवळातला कापूर आणि तेलाचे दिवे, आणि त्यातून वाट काढत आलेला ताज्या दळलेल्या कॉफीचा वास. पाय आपोआप तिकडे वळतात. वळू द्या.

कॉफीवाला पितळी पेला हातभर उंच धरतो आणि खालच्या पसरट भांड्यात धार सोडतो. एक थेंब बाहेर नाही. फेसासकट पहिला घोट घ्या, जीभ पोळेल, पण थांबवणार नाही. पलीकडच्या गल्लीतून पितळेवर पडणारे हातोड्याचे ठोके सुरू झालेत. समया, घंटा, पाणी तापवायचे हंडे. बैलगाडीतून विड्याच्या पानांच्या टोपल्या येतात, केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळलेल्या. मऊ, कोवळी, जवळजवळ पोपटी पानं. एक विडा लावून घ्या आणि गालात ठेवा. त्यावरून पुढे दिल्लीत थोडी अडचण होणार आहे, पण ते तेव्हा बघू.

आणि हे काय कानावर पडलं? ओट्यावर बसलेल्या आजी नातवाला हाक मारताहेत, मराठीत. हेल तमिळ, शब्द जुने, पण बोलणं आपलं. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर मुलखात राहिलेली ही घरं. बडोद्याला सयाजीरावांच्या बालपणी कारभार सांभाळणारे दिवाण टी. माधवराव याच गावात १८२८ साली जन्मले. आजी तुम्हाला आत बोलावतील, नाश्त्याचा आग्रह करतील, तंजावरातल्या भावकीची चौकशी करतील. त्यांना सांगा, आज घाई आहे. आज आपल्याला दिल्ली गाठायची आहे.

कारण कॉफीच्या दुकानापुढच्या बाकावर एक शेतकरी तुमची वाट बघत बसला आहे. खांद्यावर उपरणं, हातात घडी घातलेला अर्ज. त्याच्या खेड्यात टपाल कचेरी नाही. मुलगा मद्रासहून मनीऑर्डर पाठवतो, ती घ्यायला म्हाताऱ्या आईला चार मैल चालावं लागतं. बाकावरचे सगळे एकाच वेळी बोलतात. कुणाला टेलिफोन हवाय, नाव नोंदवून वर्षं झाली. कुणाच्या मागाला लागणारं रेशीम महागलंय. कुणी म्हणतं, मद्रासला सांगा. लगेच दुसरा म्हणतो, टपाल आणि टेलिफोन दिल्लीच्या हातात, तिथे आपला खासदार आहे, त्याला द्या. अर्ज तुमच्या खिशात येतो. घामाने ओला होऊ देऊ नका.

तो खासदार म्हणजे इरा सेळियन. थोरले भाऊ नेडुंचेळियन मद्रासला मंत्री. हे मात्र मंत्रिपदावाचून लोकसभेत बसतात. १९६२ साली पेरंबलूरहून निवडून आले, १९६७ आणि १९७१ साली कुंभकोणमहून. ज्यांचे फोटो गावोगाव टांगले जातात अशांपैकी ते नव्हेत. ते काय करतात ते बघायला जायचं तर आधी आगगाडी.

मीटर गेजचा अरुंद डबा, लाकडी बाक, खिडकीतून डोळ्यात जाणारी कोळशाची कणी. मायावरम, चिदंबरम, विळुप्पुरम. दोन्ही बाजूंना भात आणि केळी. मद्रासला एग्मोरला उतरून सेंट्रलला धावायचं आणि ग्रँड ट्रंक एक्सप्रेस पकडायची. आता दोन रात्री हेच तुमचं घर. शेजारच्या कुटुंबाने दहीभाताचा डबा उघडलाय, वरच्या बाकावर कुणी तरी घोरतंय, पंखा फिरतोय पण वारा कुठे जातो कळत नाही. बल्लारशाहला फलाटावरची हाकाटी मराठी होते आणि नागपूरला तर तुम्ही उडीच मारता: मृग बहराची संत्री, टोपलीभर. डब्यातल्या तमिळ मुलांना वाटा. सालींच्या वासाने अख्खा डबा ताजा होतो.

दिल्लीला मार्चची सकाळ, सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडून चेंगरलेली. नॉर्थ अव्हेन्यू, साउथ अव्हेन्यूला खासदारांच्या घरांच्या सारख्या दिसणाऱ्या रांगा, आणि प्रत्येक दारात रोज सकाळी पडणारा कागदांचा गठ्ठा: आजची कामकाजपत्रिका, प्रश्नांच्या याद्या, विधेयकं, अहवाल. त्यावर मतदारसंघाचं टपाल. तुमचा अर्ज त्यातच ठेवा. खासदाराच्या सहीने मिळालेला गॅलरीचा पास घ्या आणि चला.

खांबांच्या त्या गोल इमारतीच्या दारात तुम्हाला अडवलं जातं. पिशवी ठेवा. छत्री ठेवा. आणि तोंडात काय आहे? कुंभकोणमपासून जपलेल्या पानांचा शेवटचा विडा इथे टाकावा लागतो. चूळ भरा, तोंड पुसा. वर गॅलरीत बोलायचं नाही, टाळी नाही, कठड्यावर वाकायचं नाही, काही लिहून घ्यायचं नाही. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर गारवा मानेवर हात ठेवल्यासारखा लागतो. खाली हिरवा गालिचा, हिरवी बाकं, मध्यभागी टेबलाशी लघुलेखक. दर थोड्या मिनिटांनी एक उठतो, दुसरा बसतो, पेन्सिल थांबत नाही.

अकरा वाजले. प्रश्नोत्तराचा तास. अध्यक्ष गुरदयालसिंग धिल्लाँ नाव पुकारतात, सभासद उठून नुसता क्रमांक सांगतो, मंत्री म्हणतात उत्तर पटलावर ठेवलंय. एवढंच? एवढंच नाही, खरी गंमत आता. पुरवणी प्रश्नाला मंत्र्याच्या हातात छापील उत्तर नसतं. अधिकाऱ्यांच्या सज्जातून चिठ्ठ्या खाली जाऊ लागतात. मागच्या बाकांवरून चार जण एकदम उठतात, कुणी बसून ओरडतो, अध्यक्ष हात उंचावतात, आणि त्या गोंगाटात ज्याने मंत्रालयाचा मागच्या वर्षीचा अहवाल वाचलेला असतो त्याचा एकच बारीक प्रश्न सभागृह गप्प करतो. विरोधी बाकांवर ओळखीचा चेहरा दिसला का? राजापूरहून पहिल्यांदाच निवडून आलेले मधू दंडवते, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक.

दुपारी गर्दी ओसरते. गॅलरीतले पाहुणे जांभया देत उठतात. तुम्ही मात्र बसून राहा, कारण आता मागण्यांवरची चर्चा आहे आणि मला तुम्हाला दाखवायचंय ते आत्ताच घडतं.

सरकार म्हणतं, अमुक खात्याला इतके कोटी मंजूर करा. बाकांवर कपात सूचनांची छापील यादी वाटलेली आहे. एकेक सूचना वाचा: या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत. कोट्यवधींतून शंभर! कशासाठी? तर अमक्या खेड्यात टपाल कचेरी काढण्याची गरज. तमक्या गाडीला थांबा देण्याची गरज. शंभर रुपये वाचवायचे नसतातच. त्या खेड्याचं नाव खात्याच्या कानावर, तेही सभागृहात, घालायचं असतं. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा असं सुचवायचं, आणि एखादी तक्रार वेशीवर टांगायची असेल तर ही शंभर रुपयांची सूचना. चर्चा सुरू झाली की सभासदांनी पंधरा मिनिटांच्या आत आपल्या सूचनांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून टेबलाकडे धाडायचे. बघा, चिठ्ठ्या चालल्या. भाषणाला पक्षाच्या वाट्याची मोजकी मिनिटं, त्यातली या सभासदाला चारपाच. घंटा वाजते, तो आणखी एक वाक्य दामटतो, पुन्हा घंटा. संध्याकाळी सगळ्या सूचना एकत्र मताला टाकल्या जातात आणि एकत्रच फेटाळल्या जातात. आणि ठरल्या दिवसाची वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना झटपट मंजूर. त्याला इथे गिलोटिन म्हणतात.

तुम्हाला हे निष्फळ वाटतंय. मला नाही वाटत. चार मैल चालणाऱ्या म्हातारीचं गाव देशाच्या अंदाजपत्रकाशेजारी छापलं जातं, त्यावर मंत्रालयात टिपण तयार करावं लागतं, कुणा कारकुनाला नकाशा उघडावा लागतो. लोकसभेत मला याहून मोठं काही दिसत नाही.

आता एक गोष्ट करू, जी त्या काळी कुणालाही करता आली नसती. भिंतीतून आत चला. लोकलेखा समितीची बैठक बंद दाराआड असते. पत्रकार नाहीत, पाहुणे नाहीत. लघुलेखकाच्या खुर्चीमागे उभे राहा. बावीस सभासद, पंधरा लोकसभेचे, सात राज्यसभेचे, मंत्री एकही नाही. १९६७ पासून अध्यक्ष विरोधी बाजूचा नेमायची प्रथा पडली आणि १९७१ पासून दोन वर्षं ती खुर्ची कुंभकोणमच्या खासदाराकडे आली. शेजारी नियंत्रक व महालेखापरीक्षक. समोर मंत्रालयाचे सचिव, मागे फायली सांभाळणारे अधिकारी दाटीवाटीने.

खोलीत चहाचा, शाईचा आणि जुन्या कागदाचा वास आहे. आवाज कुणीच चढवत नाही. साक्षीदाराला आधी समज दिली जाते: तुमची साक्ष छापली जाऊ शकते, एखादा भाग गुप्त ठेवायचा असेल तर तसं सांगा. मग ऑडिटचा परिच्छेद. अशा परिच्छेदांची तऱ्हा ठरलेली: यंत्र परदेशातून मागवलं, ते आलं तेव्हा इमारतीचा पाया खणायचा होता; किंवा मंजुरीपेक्षा खर्च जास्त झाला आणि कारण म्हणून एक ओळ लिहिली. मंजुरी कोणत्या तारखेला? ऑर्डर कोणत्या तारखेला? मग मधले महिने काय झालं? सचिव मागे वळतात. मागचा त्याच्या मागच्याकडे. फायलींची पानं फडफडतात, कुणी तरी घसा खाकरतो. सत्ताधारी पक्षाचा सभासदही आता टोकदार प्रश्न विचारू लागलाय. इथे पक्षाचा व्हिप नाही आणि टाळ्यांसाठी गॅलरीही नाही. शेवटी लेखी टिपण पाठवतो असं ठरतं. पाठवावंच लागतं. आणि अहवाल आल्यावर शिफारशींचं काय केलं, तेही सरकारने सहा महिन्यांत कळवायचं असतं.

हे काम कंटाळवाणं आहे, हे मी लपवत नाही. शेकडो पानांचे हिशेब, तळटिपा, परिशिष्टं. पण ते वाचणारा एक माणूस खोलीत आहे हे ठाऊक असलं की सगळी खोली ताठ बसते, हे तुम्ही आत्ता डोळ्यांनी बघितलंत. सेळियन यांची नियमांवर आणि हिशेबावर मांड पक्की होती, ती अशा खोल्यांतून.

कागद जपायची ही सवय पुढे फार कामी आली. परत येताना वाटेत २०१० सालाशी थांबू. आणीबाणीतल्या गैरकृत्यांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने १९७८ साली तीन भागांत अहवाल दिला होता, आणि नंतर त्याच्या प्रती मिळेनाशा झाल्या होत्या. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेले, केव्हाच माजी झालेले सेळियन टेबलाशी बसून ते तिन्ही भाग जुळवताहेत, पुन्हा छापायला पाठवताहेत. पुस्तक जाड आहे. ‘शाह कमिशन रिपोर्ट : लॉस्ट, अँड रिगेन्ड’. हातात घ्या, चाळा, आणि कुठे थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा. आम्हाला परतायची घाई नाही.