गंभीर दमा

श्वासनलिकांची सूज उतरवणारे स्टेरॉइड इनहेलरमधून मोठ्या मात्रेत आणि त्याच्या जोडीला नलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध नियमाने घेऊनही जो दमा आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा उतरवताच पुन्हा उचल खातो, त्यास गंभीर दमा म्हणतात. एखादा अटॅक किती जोराचा होता यावरून हे निदान ठरत नाही; एरवी सौम्य असलेल्या दम्यातही जीवघेणा अटॅक येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात दम्याचे सुमारे २६ कोटी २० लाख रुग्ण होते आणि त्या वर्षी ४ लाख ५५ हजार मृत्यू झाले. रुग्णांपैकी साधारण ३ ते १० टक्क्यांचा दमा गंभीर असतो.

गंभीर वाटणारा पुष्कळसा दमा प्रत्यक्षात अपुऱ्या उपचारांचा असतो. पंपाची सवय लागते या भीतीने इनहेलर टाळला जातो, बरे वाटताच तो बंद होतो, किंवा फवारा घशातच राहतो. स्पेसर (इनहेलरच्या तोंडाशी लावायची पोकळ नळी) जोडल्यास औषध फुप्फुसात अधिक पोहोचते. तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवरच दिवस काढणे विशेष धोक्याचे, कारण त्याने नलिका मोकळी होते, सूज तशीच राहते. साल्ब्युटामॉलचे २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील, तर अटॅकचा धोका वाढलेला असतो. धूम्रपान, लठ्ठपणा, सायनसचा विकार आणि रक्तदाबासाठी किंवा काचबिंदूसाठी दिलेली काही बीटा-ब्लॉकर औषधे (डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा) यांमुळे दमा बळावू शकतो.

एवढे निस्तरूनही उरणाऱ्या दम्याची मुळे निरनिराळी असतात. बहुतेकांत ‘टाइप-२’ प्रकारची सूज आढळते. तीत इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ हे संदेशवाहक रेणू इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना चेतवतात, आयजीई प्रतिपिंड वाढवतात आणि चिकट कफ निर्माण करतात. लहानपणी सुरू होणाऱ्या दम्यात धुळीतील माइट, झुरळे, परागकण यांची ॲलर्जी बहुधा असते. चाळिशीच्या आसपास सुरू होणाऱ्या एका प्रकारात ॲलर्जी फारशी नसते, पण इओसिनोफिल भरपूर असतात आणि नाकात मांसल गाठी वाढतात. अशा काही रुग्णांना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने तीव्र अटॅक येतो. इओसिनोफिल कमी असलेला, न्यूट्रोफिल पेशींचा प्रकार स्टेरॉइडला फारशी दाद देत नाही. वर्षानुवर्षे सूज राहिल्यास नलिकांच्या भिंती जाड होतात आणि अरुंदपणा कायमचा होतो.

अस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीतून होणारा फुप्फुसविकार भारतात विशेष ध्यानात ठेवावा लागतो. यात तपकिरी कफाचे गोळे पडतात, श्वासनलिका फुगीर होतात आणि एक्स-रेवर डाग दिसतात. असे डाग क्षयाचे समजून रुग्णाला महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. दम्याच्या रुग्णात अस्परजिलसविरोधी आयजीईची रक्ततपासणी केल्यास ही चूक टळते. इओसिनोफिल वाढण्याची इतर कारणेही तपासावी लागतात. पोटातील जंत हे त्यांपैकी एक. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या भागात फायलेरियाच्या कृमींमुळे होणारा, रात्रीच्या खोकल्याचा विकार दम्यासारखाच भासतो, पण त्यावर औषध वेगळे असते.

बाहेरचे कारण कधी अनपेक्षित ठिकाणी सापडते. स्पेनमधील बार्सिलोनात १९८०च्या दशकात दम्याच्या अटॅकच्या लाटा येत. बंदरात सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ त्यांच्या मुळाशी होती. गिरणीतील पिठाची धूळ, स्प्रे-पेंटमधील आयसोसायनेट, चुलीचा धूर, डासांची कॉइल, ओल्या भिंतीवरची बुरशी हीही कारणे अशीच शोधून काढावी लागतात.

पूर्वी गंभीर दम्याच्या रुग्णांना स्टेरॉइडच्या गोळ्यांखेरीज फारसा उपाय नव्हता. त्या गोळ्यांनी मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा आणि मोतीबिंदू संभवतो. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब आयजीईला अडवते. पुढे इंटरल्यूकिन-५ ला रोखणारे मेपोलिझुमॅब (२०१५) आणि इंटरल्यूकिन-४ व १३ यांचा मार्ग बंद करणारे ड्युपिलुमॅब (दम्यासाठी २०१८) आले. ही इंजेक्शने दोन ते चार आठवड्यांनी घ्यावी लागतात आणि महाग आहेत. म्हणून सूज कोणत्या प्रकारची हे ठरवल्याशिवाय ती सुरू करणे व्यर्थ ठरते. ती लागू पडली तरी स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवत नाहीत. दीर्घ वापराने शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.